मुसळीच्या मुळाशी

मागच्या वेळी मोहावर बोलले, आज मुसळीवर. पहिल्या पावसानंतर सागाखाली लांब पात्यांचे झुबके निघतात, पांढरी फुलं येतात आणि दिवाळीपर्यंत पाला वाळून जागासुद्धा सापडत नाही. माझ्या आजीला मात्र सापडायची!

पांढऱ्या मुसळीचं शास्त्रातलं नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. त्यात चक्क मुंबईची बोरिवली आहे. सेंट झेवियर्स कॉलेजातले, मूळ स्पेनचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी 1950च्या दशकात तिला हे नाव दिलं. आपल्या आज्या-पणज्या जी खणून आणत, तिची शास्त्रात अशी वेगळी नोंद झाली ती तेव्हा.

नोंद करायची तर झाड मुळा-फुलासकट काढतात, कागदांत दाबतात, ओले कागद बदलत वाळवतात आणि जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात. कोपऱ्यात चिठ्ठी: गाव, तारीख, आणणाऱ्याचं नाव, फुलाचा रंग. रंग लिहावाच लागतो, वाळल्यावर तो उडतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यात 1955 पासून केंद्र आहे, तिथे असे कागद कपाटं भरून आहेत. याच खात्यानं 1993 मध्ये कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचं आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक काढलं. एखादं झाड रानातून गेलं, तरी ते इथे होतं हे असा कागद सांगतो.

चिठ्ठीवर आणणाऱ्याचं नाव असतं. रानात जागा दाखवणारीचं क्वचितच. जपानमध्ये झाडं गोळा करणाऱ्या सीबोल्ड नावाच्या डॉक्टरनं एका फुलझाडाला आपल्या जपानी बायकोचं, ओताकीचं नाव दिलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी ते झाड दुसऱ्या नावाखाली घातलं. बाईचं नाव तिथेही टिकलं नाही!

आमच्या गावामागच्या उतारावर आता मुसळी दिसत नाही. व्यापारी भादव्यातच येतो, म्हणून बी पडायच्या आधीच खणतात. पाला वाळू द्यावा आणि वरच्या गड्ड्याला दोन-तीन मुळ्या ठेवून तो परत मातीत पुरावा, म्हणजे पुढल्या पावसात फुटतो. नुसती तुटलेली मुळी फुटत नाही.

यंदा आमच्या गटानं दुसऱ्या रानातल्या दोन मुसळ्या वाळवून जाड पुठ्ठ्यावर शिवल्या. चिठ्ठीवर पहिलं नाव जागा दाखवणाऱ्या म्हातारीचं. एकीला बुरशी आली. पोळ्याच्या गडबडीत कागद बदलायचे राहून गेले.