अमेरिकेतील वर्णभेद आणि दवाखान्याची वाट

आजारी पडल्यावर माणूस नेहमी कोणाकडे जातो, हे अमेरिकेत पिढ्यानपिढ्या त्याच्या वर्णावर आणि खिशावर ठरत आले. गोऱ्या, सुस्थितीतल्या कुटुंबाला ओळखीचा फॅमिली डॉक्टर. गरिबाला आणि कृष्णवर्णीयाला धर्मादाय दवाखाना, सरकारी रुग्णालयाची ओपीडी किंवा थेट इमर्जन्सी विभाग. कायदे, पैसा आणि डॉक्टरांच्या संघटना या तिघांनी मिळून ही विभागणी घडवली.

तिची सुरुवात अठराव्या शतकात दिसते. त्या काळी डॉक्टर पैसेवाल्यांच्या घरी जाऊन उपचार करीत. ज्यांना फी परवडत नसे त्यांच्यासाठी १७८६ मध्ये फिलाडेल्फियात धर्मादाय दवाखाना निघाला; पुढे न्यूयॉर्क आणि बॉस्टनमध्येही असे दवाखाने उघडले. तिथे औषध फुकट मिळे, पण त्यासाठी बहुधा एखाद्या देणगीदाराची शिफारसचिठ्ठी लागे. उपचार हा हक्क नव्हे तर उपकार ठरला, तो इथेच.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, तरी रुग्णालयांची दारे उघडली नाहीत. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे, पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिली आणि दक्षिणेत वेगळे वॉर्ड, वेगळ्या इमारती रूढ झाल्या. कित्येक ठिकाणी कृष्णवर्णीयांसाठी खाटच नसे. तेव्हा त्या समाजाने स्वतःची रुग्णालये उभारली. शिकागोत एमा रेनॉल्ड्स या तरुणीला केवळ वर्णामुळे नर्सिंग शाळांनी प्रवेश नाकारला. ही हकिकत शल्यविशारद डॅनियल हेल विल्यम्स यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांच्या पुढाकाराने १८९१ मध्ये प्रॉव्हिडंट हॉस्पिटल व तिथली नर्सिंग शाळा सुरू झाली.

अशा रुग्णालयांना डॉक्टर मात्र अपुरे पडत. वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने कृष्णवर्णीयांच्या सात महाविद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकवण्याजोगी ठरवली. बाकीची काही वर्षांत बंद पडली. दक्षिणेतल्या स्थानिक वैद्यकीय संघटना कृष्णवर्णीय डॉक्टरांना सदस्यत्व देत नसत. सदस्यत्व नसेल तर अनेक रुग्णालयांत रुग्ण दाखल करण्याची मुभाही नसे. त्यामुळे रुग्ण गंभीर झाला की त्याला आपल्या डॉक्टरचा हात सोडून परक्यांच्या हवाली व्हावे लागे. या वागणुकीबद्दल अमेरिकन मेडिकल असोसिएशनने माफी मागितली, ती २००८ मध्ये.

१९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने देशभर रुग्णालये बांधायला केंद्राचा पैसा दिला, पण वर्णानुसार वेगळ्या सोयींना परवानगी देणारे कलमही त्यातच होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स यांच्या एका रुग्णाच्या दाढेला पू धरला होता. कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात खाट रिकामी नव्हती आणि सरकारी मदतीवर उभ्या राहिलेल्या गोऱ्यांच्या रुग्णालयांनी त्याला घेतले नाही. सिमकिन्स यांनी सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये खटला भरला. १९६३ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन ते कलम घटनाबाह्य ठरवले.

पुढच्याच वर्षी नागरी हक्क कायदा आला: केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेला भेदभाव करता येणार नाही. त्याला धार आली ती मेडिकेअरमुळे. वृद्धांसाठीची ही सरकारी विमायोजना १ जुलै १९६६ रोजी सुरू होणार होती आणि वेगळे वॉर्ड चालवणाऱ्या रुग्णालयाला तिचे पैसे मिळणार नव्हते. अनेक दशके न हललेल्या भिंती काही महिन्यांत पडल्या. या बदलाची किंमतही मोजावी लागली. रुग्ण आणि डॉक्टर दुसरीकडे जाऊ लागल्यावर कृष्णवर्णीयांची बरीच जुनी रुग्णालये बंद झाली.

डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यांना मात्र ही अट लागू केली गेली नाही. मेडिकेअरकडून डॉक्टरांना मिळणारी फी सरकारी मदतीत धरायची नाही, असा अर्थ लावण्यात आला. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेतली फी इतकी कमी होती की पुष्कळ डॉक्टर तिचे रुग्ण घेईनात. त्या रुग्णांसाठी पुन्हा ओपीडी आणि इमर्जन्सीच उरली. १९८० च्या दशकात खासगी रुग्णालये विमा नसलेल्यांना सरकारी रुग्णालयांकडे पिटाळू लागली. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात असे पाठवलेले बहुसंख्य रुग्ण कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्या प्रत्येकाची तपासणी आणि प्रकृती स्थिर करणे बंधनकारक केले. पण रक्तदाब, मधुमेह यांच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवणारा डॉक्टर त्या कायद्याने मिळाला नाही.

ती उणीव भरण्याचा खरा प्रयत्न त्याच्या कितीतरी आधी सामुदायिक आरोग्य केंद्रांनी सुरू केला होता. डॉ. जॅक गायगर दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथे असे काम पाहून आले होते. टफ्ट्स विद्यापीठाच्या आधाराने १९६५ मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत आणि १९६७ मध्ये मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे केंद्रे सुरू झाली. माउंड बायूच्या परिसरात मुले उपाशी होती. तेव्हा डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देऊ लागले; किराणा दुकानदार माल देऊन बिल केंद्राच्या औषधखात्याला लावी. वॉशिंग्टनहून आक्षेप आला तेव्हा गायगर यांनी उत्तर दिले की पुस्तकात कुपोषणावर अन्न हाच उपाय सांगितला आहे. केंद्राने विहिरी खणल्या, शौचालये बांधली आणि शेतकऱ्यांची सहकारी शेती उभी करायला हातभार लावला.

आज अशी केंद्रे तीन कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात, तरी जुनी विभागणी पुसलेली नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मेडिकेअरमधील कृष्णवर्णीय रुग्णांच्या ८० टक्के भेटी केवळ २२ टक्के डॉक्टरांकडे होत होत्या, आणि आपल्या रुग्णांना तज्ज्ञ व चांगल्या तपासण्या मिळवून देणे कठीण जाते, असे याच डॉक्टरांपैकी अधिक जण सांगत होते. जिथे सरकारने पैशाला अट घातली तिथे भेद काही महिन्यांत हटला; जिथे घातली नाही तिथे तो अजून आहे.