जिन्झू नदीकाठचा भात

कामिओका हे नाव आपल्यातल्या फिजिक्सवाल्यांच्या कानावरून नक्की गेले असेल. जपानच्या गिफू प्रांतात, डोंगराच्या पोटात पाण्याची प्रचंड टाकी बांधून तिथे न्यूट्रिनो पकडतात. तिथल्या कामाला 2002 आणि 2015 अशी दोनदा नोबेल पारितोषिके मिळाली. कामिओका म्हणजे एवढेच, असे मीही बरीच वर्षे समजत होतो. ती टाकी मुळात जस्ताच्या खाणीत आहे, आणि त्याच खाणीच्या पाण्याने खालच्या खोऱ्यातल्या बायकांची हाडे मोडली, हे मला फार उशिरा कळले.

खाण मित्सुई कंपनीची. जस्ताच्या खनिजात थोडे कॅडमियम असतेच. खनिज दळून धुतल्यावर उरणारा गाळ आणि सांडपाणी ताकाहारा नदीत जाई, तिथून जिन्झू नदीत, आणि पाटांनी तोयामाच्या भातखाचरांत. शेतकऱ्याने बांध फोडून पाणी आत घेतले की गाळही आत येई आणि तिथेच बसे. पीक वाढताना कॅडमियम मुळांतून दाण्यात शिरे. भाताला ना वेगळी चव, ना वास.

रोग प्रामुख्याने पस्तिशी ओलांडलेल्या, चार-पाच बाळंतपणे झालेल्या बायकांना होई. कॅडमियम आधी मूत्रपिंडे बिघडवते, मग हाडे मऊ पडतात. खोकला आला तरी बरगडी मोडे. एका बाईच्या शवविच्छेदनात 72 ठिकाणी हाडे मोडलेली आढळली. बायका 'इताई, इताई' म्हणून कण्हत, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. 1955 साली वर्तमानपत्रात रोगाला हेच नाव पडले.

नोबोरू हागिनो नावाचे डॉक्टर 1946 मध्ये युद्धावरून परतले आणि वडिलोपार्जित दवाखान्यात बसू लागले. आधी त्यांना वाटले, कुपोषण आणि अतिकष्ट. मग त्यांनी रोग्यांची घरे नकाशावर मांडली. जिन्झूचे पाणी पिणाऱ्या शेतांपुरताच रोग होता, शेजारच्या दुसऱ्या नदीच्या पाण्यावरची गावे मोकळी! खाणीवर बोट ठेवल्यावर 'प्रसिद्धीसाठी करतो' असे टोमणे त्यांनी ऐकले. गावकरीही कुरकुरले. तांदूळ कोण घेईल, आमच्या मुलांना मुली कोण देईल? ही भीती आपल्याला परकी वाटू नये. तरीही 1961 मध्ये हागिनो आणि योशिओका यांनी कॅडमियमचे कारण जाहीर केले. सरकारने ते 1968 मध्ये मान्य केले. त्याच वर्षी रोगी कोर्टात गेले, 1971 मध्ये जिंकले आणि 1972 मध्ये अपिलातही जिंकले.

अपिलाच्या निकालानंतर गावकऱ्यांनी कंपनीकडून नुसते पैसे घेतले नाहीत. शेतजमीन नीट करून देण्याचे वचन घेतले. शिवाय हवे तेव्हा तज्ज्ञांना घेऊन खाणीत शिरायचे आणि तपासणी करायची हक्कही लिहून घेतला, तोही कंपनीच्या खर्चाने. मला या सगळ्या इतिहासातले सर्वात शहाणे कलम हेच वाटते.

जमिनीचे काम 1979 च्या सुमारास सुरू झाले आणि 2012 मध्ये संपले. दूषित थर उकरून खाली गाडायचा, वर मुरूम दाबून बसवायचा, त्यावर बाहेरून आणलेली स्वच्छ माती पसरायची. सुमारे 860 हेक्टर, 40 अब्ज येनहून अधिक खर्च. एका खोऱ्यासाठी! जपानमध्ये इतरत्रही खाणींखालची शिवारे आहेत, आणि सगळीकडे माती बदलणे परवडणारे नाही. कॅडमियम थोडे जास्त, पण 1970 च्या 1 पीपीएम मर्यादेत बसणारा तांदूळ सरकार विकत घेई आणि खाण्याऐवजी खळ बनवायला देई. 2011 पासून मर्यादाच 0.4 झाली.

मग शास्त्रज्ञांनी मोर्चा वळवला पाण्याकडेच. खाचरात पाणी भरलेले असले की मातीतला ऑक्सिजन संपतो, गंधक कॅडमियमला धरून बसतो आणि ते मुळांना मिळत नाही. शेत वाळवले की पकड सुटते. भात निसवायच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे पाणी टिकवले, तर दाण्यातले कॅडमियम बरेच घटते. ज्या पाटाने विष आणले, तोच पाट विषाला मातीत कोंडून ठेवतो. मात्र पाणी टिकवले की आर्सेनिक सुटते, आणि भाताची मुळे सिलिका घ्यायच्या वाटेनेच त्याला आत घेतात. एकाला दाबले की दुसरे वर. कोड लिहिणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. एक बग मारावा तर दुसरा हजर.

यावरची तोड बियाण्यातून आली. जपानी शास्त्रज्ञांनी लोकप्रिय कोशिहिकारी वाणाच्या बियांवर कार्बन आयनांचा मारा केला आणि 2012 मध्ये एक रोप जगापुढे मांडले. मुळात मँगनीज आत घेणारे एक प्रथिन असते, कॅडमियम त्याच दारातून शिरते. या रोपात ते दार बंद पडले होते. दाण्यात कॅडमियम जवळपास नाहीच, त्यामुळे आता आर्सेनिकसाठी शेत मधून मधून वाळवायलाही हरकत नाही. मँगनीज कमी मिळाल्याने पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग मात्र जास्त येतो. अकिता प्रांताने 2025 पासून आपल्या अकिताकोमाची भाताच्या जागी असाच गुण घातलेले वाण आणले, तेव्हा 'किरणांचा तांदूळ' म्हणून ग्राहकांत बरीच ओरड झाली. ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राने किरणांच्या वाटेनेच काढलेला टीएजी-24 भुईमूग महाराष्ट्रात वर्षानुवर्षे पिकतो. आपण तो चटणीत मजेत कुटतो.

मित्सुईने आणि रोग्यांच्या संघटनांनी डिसेंबर 2013 मध्ये अंतिम करार केला. मूत्रपिंडे बिघडलेल्या, पण सरकारी यादीत न बसलेल्या लोकांनाही त्यात भरपाई मिळाली. कामिओकात खनिज काढणे 2001 मध्येच थांबले होते. गाळाचे ढीग मात्र डोंगरावर आहेत, म्हणून 1972 चे ते कलम करारानंतरही जागे राहिले, आणि ज्यांच्या आज्या कण्हत होत्या ते लोक दरवर्षी तज्ज्ञांना घेऊन वर तपासणीला जात राहिले.