भानुमतीचा आवाज

श्रोतेहो, मराठी संगीत नाटकावर बोलायला कोणी उभा राहिला की तुमच्या चेहऱ्यावर एक ओळखीचे हसू उमटते. आता हा गृहस्थ बालगंधर्वांच्या शालूपासून सुरुवात करणार, हे तुम्ही धरून चालता. मी तुमची निराशा करणार नाही. सुरुवात तिथूनच करतो. पण मला जायचे आहे त्यांच्यापुढच्या एका गायिका-नटीकडे, ज्योत्स्नाबाई भोळे यांच्याकडे.

आपल्या रंगभूमीने पाऊण शतक स्त्रीची भूमिका पुरुषाकडून करून घेतली. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला काय किंवा गंधर्वांची भामिनी आणि सिंधू काय, ह्या नुसत्या सोयी नव्हत्या, त्या कलाकृती होत्या. गंधर्वांचे पाहून कुलीन घरांतल्या बायका लुगडे नेसायला आणि अंबाडा घालायला शिकल्या, ही हकिकत आपल्यातल्या पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. तेव्हा नटी आली आणि खोटेपणा गेला, असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. देवलांच्या ‘शारदे’ने 1899 साली जरठ-विवाहावर जो घाव घातला, तोही मुलाच्याच गळ्यातून घातला होता, आणि तो वर्मी बसला होता.

स्त्रिया रंगभूमीवर अजिबात नव्हत्या, असेही नाही. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करीत. पुढे हिराबाई बडोदेकरांनी 1929 साली भावंडांना हाताशी धरून नाटकाचा संसार मांडला आणि स्त्री-पुरुष एकाच रंगमंचावर उभे केले. त्या धाडसाची किंमत हिराबाईंनी पैशाने मोजली. काही वर्षांतच मंडळी बंद पडली. वाट मात्र पडली होती. तरीही हिराबाईंची मंडळी मुख्यतः जुनीच नाटके जुन्याच थाटात करीत होती. नटी नवी आणि नाटक जुने, अशी ती अवस्था होती.

नवे नाटक आले ते 1 जुलै 1933 रोजी, मुंबईच्या रिपन थिएटरात. ‘नाट्यमन्वंतर’ ह्या नव्या संस्थेने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. मूळ नाटक ब्यर्नसन ह्या नॉर्वेजियन लेखकाचे, दिग्दर्शन के. नारायण काळ्यांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे. बोलपट येऊन वर्ष उलटले होते. नाटक कंपन्यांच्या पडद्यांवरचे राजवाडे आणि जंगले भराभर विकायला निघाली होती. अशा वेळी ह्या मंडळींनी रंगवलेला पडदा काढून तीन भिंतींची खोली उभी केली, पदांची संख्या मोजकी ठेवली, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीला दिली.

त्या खोलीत बिंबा म्हणून उभी राहिलेली मुलगी होती एकोणीस वर्षांची. गोव्यातल्या बांदिवड्याची, माहेरची दुर्गा केळेकर. वडील बहीण गिरिजाबाई केळेकर नामांकित गायिका. तिच्या आधाराने ही मुंबईला आली, आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकली, आणि 1932 साली केशवरावांशी विवाह करून ज्योत्स्ना भोळे झाली. केशवराव नुसते संगीत देणारे नव्हते. ‘एकलव्य’ ह्या नावाने गाण्यावर परखड लिहिणारे टीकाकारही तेच. अशा नवऱ्याच्या घरात गाणे सोपे नसावे, असा आपला माझा तर्क.

नाटकाचा प्रश्न काय होता, पाहा. वधूकडून जे चारित्र्य मागायचे, तेच वराकडून का मागू नये? हा प्रश्न बिंबा घरातल्या वडिलधाऱ्यांच्या तोंडावर विचारते. आता क्षणभर कल्पना करा, की हाच प्रश्न शालू नेसलेल्या एखाद्या थोर नटाने विचारला आहे. टाळ्या पडल्या असत्या, यात शंका नाही. पण त्या नटाला पडल्या असत्या. एकोणीस वर्षांची खरीखुरी विवाहिता तो प्रश्न विचारते, तेव्हा सभागृहातल्या सासऱ्याला टाळी वाजवून मोकळे होता येत नाही. शारदा आपल्यावरचा अन्याय सांगत होती. बिंबा हिशेब मागत होती. करुणा उसन्या गळ्यातूनही पोचते. हिशेब मात्र ज्याचा त्यानेच मागावा लागतो.

‘नाट्यमन्वंतर’ दोन-तीन वर्षांतच विझले. पुष्कळ चांगल्या संस्थांचे आपल्याकडे असेच होते. त्याबद्दल आज रडत बसत नाही.

पुढचा टप्पा मो. ग. रांगणेकरांचा. हे मूळचे पत्रकार, त्यामुळे थोडक्यात लिहिण्याची त्यांना सवय. त्यांच्या ‘नाट्यनिकेतन’ने 1942 साली ‘कुलवधू’ आणले. देश ‘चले जाव’च्या आगीत होता, आणि त्या धामधुमीतही लोक ह्या घरगुती नाटकाला गर्दी करीत होते. घराबाहेर कीर्ती मिळवणारी पत्नी आणि त्या कीर्तीने दुखावलेला पती, असा पेच. नायिका भानुमती म्हणजे ज्योत्स्नाबाई. इब्सेनच्या नोराची सावली तिच्यावर उघड दिसते. योगायोग असा, की ब्यर्नसन काय आणि इब्सेन काय, दोघेही नॉर्वेचे; आमच्या बाईंना त्यांच्या दोन मोठ्या भूमिका तितक्या दूरच्या थंड देशातून आल्या.

नाटकाच्या नावाकडे जरा थांबून पाहा. नाटकात काम करणारी बाई म्हटली की जिला घरात ‘कुलीन’ म्हणायला आमचा समाज बिचकत असे, तिलाच रंगमंचावर ‘कुलवधू’ म्हणून उभे केले. आणि ती कुलवधू अखेरीस उंबरठा ओलांडून जाते. पत्रकाराच्या लेखणीचा हा चिमटा त्या काळच्या प्रेक्षकांपैकी किती जणांना कळला असेल, कोण जाणे. लागला मात्र सगळ्यांना.

आता गाण्याकडे येतो. ‘कुलवधू’चे संगीत मास्तर कृष्णरावांचे. हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व मंडळीतून आलेले. जुन्या वैभवाच्या घरातला माणूस नव्या बिऱ्हाडाला चाली देत होता. गंधर्वकाळी पद सुरू झाले की नाटक थांबे. ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडत, रात्र सरत जाई, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. भानुमतीला ती चैन नव्हती. तिच्या मागे नाटक चालू होते. ‘बोला अमृत बोला’ ही भैरवी घ्या. भैरवी म्हटली की गवयाला घर आठवते, तासभर रमावेसे वाटते. ज्योत्स्नाबाई ती काही मिनिटांत संपवतात आणि तरी काही राहून गेल्यासारखे वाटत नाही. शब्द स्पष्ट, तान लहान. बोलणारी बाई बोलता बोलता गाऊ लागली, इतकेच वाटते. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. ही पदे तिच्यात सहज मावली आणि नाटक न पाहिलेल्यांच्या घरीही पोचली.

जुने रसिक ह्यावर नाराज होते आणि त्यांची नाराजी अगदीच निराधार नव्हती. गंधर्वांच्या गाण्यात पसरायला जागा होती. ती जागा ह्या नव्या नाटकात गेली, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या बदल्यात पात्राला स्वतःचा स्वर मिळाला. सिंधूच्या तोंडची पदे ऐकताना आपण गंधर्वांना ऐकतो. भानुमतीची ऐकताना आपण भानुमतीला ऐकतो. दोन्हींत मोठे कोण, असे मला कोणी विचारू नये. मी दोन्ही ऐकतो.

नंतरच्या भूमिकांची यादी वाचून दाखवण्यात अर्थ नाही. 1955 साली मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’ नाटकातले त्यांचे गाणेही लोकांच्या ओठी बसले. भावगीताच्या मैफली आणि आकाशवाणीचे गायन चालूच होते. ‘आराधना’ हे नाटक तर त्यांनी स्वतः लिहिले. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रश्न इतकी वर्षे विचारलेल्या बाईने अखेर लेखणी हातात घेतली, ह्याकडे आमच्या नाट्येतिहासकारांनी पुरेसे पाहिलेले नाही, असे माझे मत आहे.

1998 साली त्यांचे आत्मकथन आले. त्याला नाव दिले ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’. 5 ऑगस्ट 2001 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्यातच हिराबागेत त्यांच्या नावाचे एक लहानसे सभागृह आहे. तिथे तरुण मंडळी नवी नाटके करतात. त्यांतल्या बहुतेकांत गाणे नसते, आणि मुलींच्या भूमिका मुलीच करतात. ह्यात सांगण्यासारखे काही आहे, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.