दुसरा हात सोडताना

कौशल्य करून करूनच येतं, असं ॲरिस्टॉटल सांगतो. तंतुवाद्य वाजवत राहूनच माणूस वादक होतो. ठीक. पण एखादी गोष्ट आधीच चांगली येत असेल, तर ती टाकून पुन्हा पहिल्यापासून का शिकावं? टेनिसच्या इतिहासातलं एक उदाहरण घेऊ.

१९७४ साली फ्रेंच स्पर्धा बोर्गने जिंकली आणि विम्बल्डन कॉनर्सने व ख्रिस एव्हर्टने. तिघांचाही बॅकहँड दोन हातांचा. पुढची कितीतरी मुलं तसाच शिकली. कॅलिफोर्नियातला पीट सॅम्प्रस त्यांतलाच. तो साधारण १४ वर्षांचा असताना त्याचे मार्गदर्शक पीट फिशर, पेशाने बालरोगतज्ज्ञ बरं का, त्याला म्हणाले की दुसरा हात सोड. त्यांच्या डोळ्यांपुढे विम्बल्डनचं गवत होतं आणि रॉड लेव्हरचा खेळ.

आता बघा, बदलायचं काय? पकड बदलायची, खांदा पूर्ण वळवायचा आणि चेंडू शरीराच्या पुढेच गाठायचा. दोन हातांच्या फटक्यात जरा उशीर झाला तरी दुसरा हात सांभाळून घेतो. इथे उशिराला माफी नाही. गिल्बर्ट राइलने १९४९ साली 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांत फरक केला, तो इथे दिसतो. हे सगळं एका दुपारी सांगून होतं. हाताला कळायला फार वेळ लागतो. मधल्या काळात सॅम्प्रस, ज्यांना सहज हरवायचा, त्यांच्याकडूनच हरू लागला.

मग मिळालं काय? गवतावर चेंडू खाली राहतो. तिथे एका हाताची पोच कामी येते, आणि नेटजवळची व्हॉलीही बहुधा एकाच हाताने मारायची असते. १९९३ ते २००० या काळात त्याने ७ वेळा विम्बल्डन जिंकलं. पण मातीवर चेंडू खांद्यापर्यंत उसळतो. तिथे हाच फटका जड जातो. फ्रेंच ओपनची अंतिम फेरी त्याने कधीच गाठली नाही.

पुढे जमीनच बदलली. १९७४ पर्यंत चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा गवतावर होत. १९८८ पासून एकटं विम्बल्डन उरलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या पहिल्या १० जणांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही नव्हता. १९७३ साली क्रमवारी सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं.

म्हणून कोणता बॅकहँड चांगला, या प्रश्नाआधी 'कुठल्या जमिनीवर?' असं विचारलं पाहिजे. फिशर यांच्याकडे त्याचं उत्तर होतं. आज एखाद्या मुलाला 'दुसरा हात सोड' म्हणणाऱ्या शिक्षकानेही ते आधी द्यायला हवं, कारण मधले पराभव त्या मुलाच्या वाट्याला येणार असतात.