इन्फॉर्मॅटिक्स युरोप

युरोपातील विद्यापीठांचे संगणकशास्त्र विभाग, विद्याशाखा आणि संशोधनसंस्था यांची आंतरराष्ट्रीय संघटना. स्थापना २००६, कार्यालय स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे. स्विस कायद्याखाली चालणाऱ्या या ना-नफा संघटनेत ३० हून अधिक देशांतील संस्था सहभागी आहेत. सभासदत्व व्यक्तीला नव्हे, तर विभागाला किंवा संस्थेला मिळते. एसीएम, आयईईई यांसारख्या व्यक्तिगत सभासदांच्या संघटनांपासून ती वेगळी ठरते ती यामुळे.

पार्श्वभूमी : अमेरिका व कॅनडा येथील संगणकशास्त्र विभाग १९७० च्या दशकातच एकत्र आले होते. १९७२ मध्ये तेथे विभागप्रमुखांचे एक मंडळ स्थापन झाले आणि १९७४ मध्ये यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे त्यांची पहिली परिषद भरली. या मंडळाचेच पुढे कम्प्यूटिंग रिसर्च असोसिएशन झाले. पीएच.डी. पदव्या, प्रवेश आणि प्राध्यापकांचे वेतन यांची माहिती देणारी त्यांची ‘टॉल्बी पाहणी’ विभागांना नियोजनासाठी उपयोगी पडू लागली. युरोपात मात्र असे व्यासपीठ नव्हते. प्रत्येक देशाची पदवीरचना, नेमणुकीचे नियम आणि शिक्षणाची भाषा वेगळी होती. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर पदव्या परस्परांशी जुळत्या करण्याचे काम सुरू झाले. त्याच सुमारास इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यामुळे अनेक पाश्चात्त्य देशांत संगणकशास्त्राकडे येणारे विद्यार्थी घटले. हे प्रश्न सर्वांपुढे सारखेच असले, तरी प्रत्येक विभाग त्यांना एकटाच तोंड देत होता.

स्थापना व रचना : झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील बर्ट्रांड मेयर आणि लोझानच्या ईपीएफएल या संस्थेतील विली झ्वानेपूल यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये झुरिक येथे विभागप्रमुखांची पहिली युरोपीय परिषद भरली. तिच्यातून पुढील वर्षी संघटना उभी राहिली. आयफेल या प्रोग्रॅमिंग भाषेचे कर्ते असलेले मेयर तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर कार्लो गेझी (मिलान), लिंडा हार्डमन (ॲम्स्टरडॅम), एन्रिको नार्देली (रोम) आणि जाँ-मार्क जेझेकेल (रेन) यांनी अध्यक्षपद सांभाळले. सभासद संस्थांची सर्वसाधारण सभा कार्यकारी मंडळाची निवड करते.

वार्षिक परिषद हा संघटनेच्या कामाचा कणा आहे. बर्लिन, पॅरिस, प्राग, बार्सिलोना, व्हिएन्ना, लिस्बन, रोम, हॅम्बुर्ग, एडिंबरा अशा शहरांत ती भरली आहे. अधिष्ठाते आणि विभागप्रमुख यांच्यासाठी तिला जोडून स्वतंत्र कार्यशाळा घेतली जाते. प्राध्यापकांची भरती, निधी, अभ्यासक्रमाची फेररचना असे रोजच्या कारभारातील विषय तेथे चर्चेला येतात.

संशोधनाचे मूल्यमापन : संघटनेने सर्वप्रथम हाती घेतलेल्या प्रश्नांपैकी हा एक. विद्यापीठे आणि निधी देणाऱ्या संस्था संशोधकाचे काम नियतकालिकांतील लेख व त्यांची उद्धरणसंख्या यांवरून मोजत. ही पद्धत भौतिक व जीवशास्त्रांच्या रीतीवर बेतलेली होती. संगणकशास्त्रात मात्र निवडक परिषदांत सादर होणारे निबंध कठोर परीक्षणातूनच स्वीकारले जातात आणि त्यांची प्रतिष्ठा उत्तम नियतकालिकांच्या बरोबरीची असते. एखादी सॉफ्टवेअर प्रणालीही निबंधाइतकेच मोठे योगदान ठरू शकते. लेखकांच्या नावांचा क्रम प्रत्येक वेळी श्रेयाचा क्रम नसतो. प्रचलित उद्धरणसूचींत परिषदांचे निबंध व पुस्तके पुरेशी येत नसल्याने आकडे दिशाभूल करतात. ही भूमिका मांडणारा अहवाल २००८ मध्ये तयार झाला आणि त्याचा गोषवारा २००९ मध्ये एसीएमच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाला. संख्यात्मक निकष हे जाणकारांच्या परीक्षणाला पूरक असावेत, त्याची जागा त्यांनी घेऊ नये, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. २०१८ मध्ये याच विषयावर नवा अहवाल निघाला.

शालेय शिक्षण : एसीएम युरोपच्या सहकार्याने २०१३ मध्ये निघालेल्या अहवालाने दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. संगणक व इंटरनेट नीट वापरता येणे ही डिजिटल साक्षरता. तर अल्गोरिदम, विदा, प्रोग्रॅमिंग आणि संगणकव्यवस्था यांमागील तत्त्वे हे स्वतंत्र शास्त्र. दोन्ही सर्व विद्यार्थ्यांना मिळाली पाहिजेत आणि त्यासाठी शिक्षकांचे व्यापक प्रशिक्षण हवे, अशी शिफारस त्यात होती. २०१७ च्या अहवालाने युरोपातील निरनिराळ्या शिक्षणव्यवस्थांची पाहणी करून देशादेशांतील तफावत दाखवली. २०१८ मध्ये अन्य संघटनांसह ‘इन्फॉर्मॅटिक्स फॉर ऑल’ ही आघाडी स्थापन झाली. तिने २०२२ मध्ये शाळांसाठी संदर्भ-आराखडा प्रसिद्ध केला. विदा व माहिती, अल्गोरिदम, प्रोग्रॅमिंग, जाळी व संदेशवहन, प्रतिमाने व सादृशीकरण, खासगीपणा व सुरक्षितता, सामाजिक जबाबदारी असे ११ विषयगट त्यात आहेत. प्रत्येक देशाने आपला अभ्यासक्रम या चौकटीत स्वतः आखावा, अशी त्याची रचना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेने डिजिटल कौशल्यांविषयी केलेल्या शिफारशीत शाळांतील दर्जेदार संगणकशास्त्र-शिक्षणाचा पुरस्कार केला.

इतर कार्य : युरोपीय देशांतील संगणकशास्त्राचे प्रवेश, पदव्या, अध्यापकांची पदे व वेतन यांची आकडेवारी संघटना संकलित करते. पदव्यांची नावे व गणनेच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या असल्याने हे काम किचकट आहे. म्हणूनच तुलना करता येईल अशी आकडेवारी मोलाची ठरते. एखाद्या विभागाने मागणी केल्यास बाहेरील तज्ज्ञ पाठवून त्याच्या संशोधनाचे मूल्यमापनही केले जाते. उत्तम अध्यापन-उपक्रमांसाठी २०११ पासून पुरस्कार दिला जातो. रोमन विद्यादेवतेच्या नावाचा मिनर्व्हा पुरस्कार २०१६ मध्ये सुरू झाला. विद्यार्थिनींना या शाखेकडे वळवून टिकवणारे, संशोधिकांना अध्यापकपदापर्यंत नेणारे आणि प्राध्यापिकांच्या प्रगतीला हातभार लावणारे विभाग व संस्था यांचा त्याद्वारे गौरव होतो. यंत्रशिक्षणावर आधारित स्वयंचलित निर्णयप्रणालींविषयीचा शिफारसवजा अहवाल संघटनेने एसीएम युरोपसह २०१८ मध्ये काढला.

महत्त्व : संघटनेच्या हाती कायदेशीर अधिकार नाहीत. शिक्षण हा विषय युरोपीय संघात प्रामुख्याने सदस्य देशांच्या अखत्यारीत असल्याने तिच्या शिफारशी कोणावर बंधनकारक नसतात. तिचे बळ आकडेवारीत, अभ्यासपूर्ण अहवालांत आणि अनेक देशांच्या विभागांनी मिळून मांडलेल्या भूमिकेत आहे. संगणकशास्त्राला इतर शास्त्रांच्या मापाने मोजू नये आणि शाळेत त्याला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळावे, या दोन मागण्या युरोपीय पातळीवर सातत्याने मांडणे ही तिची सर्वांत महत्त्वाची कामगिरी होय.