गाठ गेली, पण आकडा उरला: डॉ. ली यांची गोष्ट

मोबाइलवर ब्लड रिपोर्ट आला की आपली नजर आधी कुठे जाते? ठळक अक्षरातल्या आकड्याकडे. घरात कुणाला कॅन्सर झाला असेल, तर सीईए, सीए-१२५, पीएसए ही नावं सगळ्यांना पाठ झालेली असतात. आकडा खाली आला की अख्खं घर सुटकेचा निःश्वास टाकतं. आजची गोष्ट अशाच एका आकड्याची. त्याच्यावर विश्वास ठेवला म्हणून एका डॉक्टरची नोकरी गेली.

साल १९५६. अमेरिकेतलं बेथेस्डा, तिथली नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. डॉ. मिन चिऊ ली मूळचे चीनचे. त्यांच्यासमोर होत्या कोरिओकार्सिनोमाच्या पेशंट. हा वारेच्या पेशींपासून होणारा कॅन्सर. म्हणजे पेशंट बहुतेक तरुण बायका. फुप्फुसात पसरला की त्या काळी आशा जवळपास सोडूनच द्यायची.

ली आणि डॉ. रॉय हर्ट्झ यांनी त्यांना मेथोट्रेक्सेट द्यायला सुरुवात केली. (हे औषध ज्या लेडर्ली कंपनीतून आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव!) आणि काय आश्चर्य, एक्स-रेमधल्या गाठी चक्क विरघळल्या. सगळे खूश.

ली मात्र खूश नव्हते. का? तर एचसीजी.

प्रेग्नन्सी किटवर दोन रेघा उमटतात ना, त्या याच हार्मोनमुळे. वारेच्या पेशी ते बनवतात, आणि त्यांचा कॅन्सर झाला तर त्या कॅन्सरच्या पेशीही बनवतात. तेव्हा ते मोजायचे लघवीतून, तेही प्राण्यांना टोचून त्यांच्यावर काय परिणाम होतो ते बघून. किचकट काम होतं.

एक्स-रे स्वच्छ, पेशंटला बरं वाटतंय, पण एचसीजी थोडं उरलेलंच. ली म्हणाले, हार्मोन आहे म्हणजे ते बनवणारी पेशी कुठेतरी आहे. डोळ्यांना दिसत नाही एवढंच. आकडा शून्यावर येईपर्यंत औषध चालू राहणार!

वरिष्ठांना हे पटेना. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही हं. मेथोट्रेक्सेट हे जालीम औषध. तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात. ठणठणीत दिसणाऱ्या बाईला नुसत्या एका आकड्यासाठी हे द्यायचं? तुम्ही माणसावर उपचार करताय की आकड्यावर? शेवटी ली यांना नोकरी सोडावी लागली.

पुढे काय झालं? ज्यांचं औषध लवकर थांबवलं होतं, त्यांच्यात कॅन्सर परत आला. ज्यांना ली यांनी आकडा संपेपर्यंत औषध दिलं, त्या बऱ्या झाल्या. पसरलेला गाठीचा कॅन्सर फक्त औषधाने बरा होतो, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. १९७२ मध्ये ली यांना हर्ट्झ आणि इतरांबरोबर लास्कर पुरस्कार मिळाला.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातली अगदी सूक्ष्म मात्रा मोजायची पद्धत शोधली होती. १९६५ मध्ये मॉन्ट्रिअलला सीईए सापडलं. मग मार्करांची रांगच लागली.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. एचसीजीइतका प्रामाणिक मार्कर क्वचितच असतो. सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए कॅन्सरशिवायही वाढलेलं असू शकतं. प्रोस्टेटला नुसती सूज आली तरी पीएसए चढतं. पाळीच्या दिवसांत सीए-१२५ वाढू शकतं. म्हणून एकट्या आकड्यावरून कॅन्सर आहे किंवा नाही असं ठरत नाही. उपचार चालू असताना तो वर चाललाय की खाली, हे बघायला तो खरा कामाचा.

तेव्हा पुढच्या वेळी घरच्या कुणाचा रिपोर्ट आला, तर गूगल करण्याआधी मागचे रिपोर्ट काढा, तारखेप्रमाणे लावा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. ली यांनीही एकच आकडा पाहिला नव्हता. तो कुठे चाललाय, यावर त्यांनी शेवटपर्यंत नजर ठेवली होती.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!