टोमॅटोवाल्याच्या घरची बिनटोमॅटोची भाजी



काल टोमॅटोचा चौथा तोडा झाला. क्रेट नारायणगाव मार्केटला गेले आणि मी घरी येऊन दुधी चिरायला बसलो. कारण आमच्या घरात तीन आठवडे झाले, टोमॅटो शिजत नाही.

सौ.ला आमवात आहे. सकाळी बोटं सुजतात, मूठ वळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटलीय. म्हणजे कुंपणच शेत खातंय म्हणा. गोळ्या चालू आहेत. शिवाय आहाराच्या मॅडमनी काही आठवड्यांसाठी यादी दिली. टोमॅटो, मिरची, बटाटा, वांगं बंद. भाकरी, डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी बंद. फोडणीतलं जिरं-मोहरी आणि मिरीसुद्धा बंद. नंतर एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा, कशानं त्रास होतो ते.

यादी ऐकून ती म्हणाली, "अहो, मग मी खायचं तरी काय?"

मला उत्तर आलं नाही. बांधावर बसून विचार केला, मिरची-टोमॅटो नव्हते तेव्हा माणसं काय खात होती?

आमच्या जुन्नरपासून नाणेघाट जवळच. सातवाहनांपासून, म्हणजे २००० वर्षं, कोकणातला माल या वाटेनं देशावर येत आला. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून तिथं आहे. पण पहिली दीड हजार वर्षं त्या घाटानं ना मिरची बघितली, ना टोमॅटो. दोन्ही पिकं अमेरिकेतली. कोलंबस तिकडं पोचला १४९२ ला, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ ला, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० ला. मिरची आली ती त्यांच्या जहाजांतून. बटाटा आणि भुईमूगही मूळचे तिकडचेच. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. आणि मिरचीला नाव दिलं ते आपल्या जुन्या मिरीवरून, कारण तोवर तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं.

१२ व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या जेवणाचं बारीक वर्णन आहे. मिरची त्या ताटात असणंच शक्य नव्हतं, तरी राजा चवीनं जेवत होताच की!

आता जुनं तेवढं चांगलं, असंही नाही हं. वांगं आपलं जुनं, तरी यादीत बंद. लाल भोपळा आणि रताळं अमेरिकेचे, तरी चालतात. पण एवढं कळलं, की दुधी, दोडका, पडवळ, सुरण, अळू, आलं, हळद हे सगळं मिरचीच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडं आहे. मिरची गेली म्हणून चूल विझत नाही.

मग भाजी केली ती अशी. अर्धा किलो कोवळा दुधी. आधी एक फोड चाखायची, कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्यायचा, कडू दुधी विषारी असतो. दोन चमचे खाण्याचं खोबरेल तापवून कढीपत्ता, ठेचलेला लसूण आणि बोटभर आलं परतायचं. हळद, मीठ, दुधीच्या फोडी. हिंग नको, बाजारच्या हिंगात बहुतेक गव्हाचं पीठ असतं. ताटलीत पाणी ठेवून वाफेवर शिजवायचं. फोड मऊ झाली की तीन आमसुलं आणि मूठभर ओलं खोबरं घालून एक वाफ. वरून कोथिंबीर. भाकरीच्या जागी उकडलेलं रताळं.

पहिल्या घासाला ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आमसूल एक कमी चाललं असतं." चूक काढली म्हणजे चव लागली, हे ३० वर्षांच्या संसारात मला समजतं. पातेलं तिनंच पुसून घेतलं.

या भाजीनं आजार बरा होतो असं मी म्हणत नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत आणि पथ्यही मनानं धरायचं नाही. पण आजारी माणसाला ताटावर बसावंसं वाटलं पाहिजे, तेवढं आपल्या हातात आहे.

पुढच्या हंगामात टोमॅटोच्या कडेला दुधी-दोडक्याचा एक मांडव घालतोय. मार्केटसाठी नाही, घरासाठी.